तिचं नाव दोनदाच छापलं गेलं : न्यूयॉर्क राज्यातल्या जुन्या ग्रामीण साप्ताहिकांतून लग्न-मृत्यूच्या नोंदी शोधताना

त्र्यंबकेश्वरला जाऊन गाव आणि आडनाव सांगितलं, की उपाध्ये चोपडी काढतात आणि आपले पणजोबा कधी, कुणाबरोबर येऊन गेले ते वाचून दाखवतात. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्क राज्यातल्या खेड्यांत अशी चोपडी कुणाकडे नव्हती, सरकारकडेही नव्हती. जन्म, विवाह आणि मृत्यू यांची राज्यभर नोंद सुरू झाली ती १८८०-८१ मध्ये. त्याआधी १८४७ साली हे काम शाळांच्या मंडळांवर सोपवणारा कायदा झाला होता, पण तो दोन-तीन वर्षांतच बारगळला आणि थोड्याच ठिकाणच्या याद्या उरल्या. शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र राज्याची नोंद १८४१ पासून आहे.

आता एक बाई डोळ्यांसमोर आणा. १८३५ मध्ये तिचं लग्न झालं, १८४२ मध्ये ती गेली. देशाच्या खानेसुमारीत घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव पहिल्यांदा लिहिलं गेलं १८५० साली. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे वयोगटांनुसार आकडे. म्हणजे ती पुरी आयुष्यभर कुणाच्या तरी घरातला एक आकडा राहिली. तिचं नाव छापलं गेलं असेल तर दोनदा, गावच्या साप्ताहिकात, लग्न झालं तेव्हा आणि ती गेली तेव्हा. अशा बायका शोधण्यासाठीच मी या कामाला सगळ्यात जास्त वेळ दिला आहे आणि पुढची सगळी पद्धत त्यांना समोर ठेवूनच सांगतो आहे.

मी इकडे वळलो तो नगरच्या वाटेने. १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला आलेल्या अमेरिकन मराठी मिशनची माणसं मोठ्या शहरांतली नव्हती. गॉर्डन हॉल मॅसॅच्युसेट्समधल्या टॉलंड या खेड्याकडचा. नगरला मुलींच्या शाळा चालवणाऱ्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारलेल्या सिंथिया फॅरार न्यू हॅम्पशरमधल्या मार्लबरोच्या. त्यांची माहेरं शोधता शोधता ग्रामीण वृत्तपत्रांची ओळख झाली. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशर अशा ईशान्येकडच्या राज्यांत, गावोगावची दप्तरं तरी असतात. तिथली बरीच कुटुंबं पश्चिमेला न्यूयॉर्क राज्यात सरकली, आणि तिथे पोचल्यावर माग एकदम तुटतो. म्हणून हा लेख त्या राज्यापुरता. आज मराठी घरांतल्या कित्येक सुना-जावई तिकडचे आहेत आणि नातवंडांसाठी दोन्हीकडची वंशावळ लिहायला घेतलेले आजी-आजोबाही मला भेटतात. त्यांनाही ही वाट उपयोगी पडेल.

आधी जागा पक्की करा

बहुतेक जण नाव टाकून शोधायला बसतात आणि दोन दिवसांत कंटाळतात. सुरुवात नावाने करू नका, नकाशाने करा.

न्यूयॉर्क राज्यात ‘टाउन’ म्हणजे एक गाव नव्हे. काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा, तो एक तुकडा, आणि त्यात पाच-सात वस्त्या असू शकतात. टाउनच्या नावाचंच एखादं ‘व्हिलेज’ही त्यात असतं. त्यामुळे कागदावर तीन थर लिहा : वस्ती, टाउन, काउंटी. मग त्या वर्षी ती काउंटी होती का, ते पाहा. येट्स आणि वेन या काउंट्या १८२३ मध्ये झाल्या, स्कायलर तर १८५४ मध्ये, आजूबाजूच्या तीन काउंट्यांचे भाग तोडून. आज स्कायलरमध्ये असलेल्या गावातलं १८४० चं लग्न स्कायलरच्या वृत्तपत्रात शोधणं म्हणजे जन्मायच्या आधीची पत्रिका मागणं.

त्यानंतर त्या काळी त्या गावाला जवळ पडणारी सगळी साप्ताहिकं लिहून काढा. काउंटीच्या मुख्य गावात बहुधा दोन असायची, दोन पक्षांची. व्हिग घराणं आपली बातमी व्हिग संपादकाकडे धाडायचं, डेमोक्रॅट घराणं दुसऱ्याकडे. एका पत्रात सापडलं नाही म्हणून ‘छापलंच नाही’ असं ठरवू नका. काउंटीची हद्द ओलांडूनही पाहा, कारण शेतकरी बाजाराला जिथे जायचा तिथलं पत्र वाचायचा. आणि लग्न असेल तर आधी मुलीचं माहेर. लग्न तिथेच व्हायचं, बातमीही तिथूनच जायची.

धार्मिक साप्ताहिकं यादीत घालायला विसरू नका. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन, युनिव्हर्सलिस्ट अशा प्रत्येक पंथाची आपापली पत्रं होती आणि दूरदूरच्या खेड्यांतल्या सभासदांच्या मृत्यूच्या नोंदी त्यांत यायच्या. गावच्या पत्रापेक्षा पुष्कळदा सविस्तर, कारण मरणाऱ्याची श्रद्धा कशी टिकली हे त्यांना सांगायचं असे. ते सांगताना जन्मगाव, धर्मांतराचं वर्ष, मुलांची संख्या असं बरंच ओघात येऊन जातं.

अंक कुठे मिळतील

न्यूयॉर्कसाठी पहिली जागा ‘एनवायएस हिस्टॉरिक न्यूजपेपर्स’. फुकट आहे आणि काउंटीवार मांडलेली आहे, त्यामुळे वर केलेली यादी तिथे थेट उपयोगी पडते. दुसरी ‘फुल्टन हिस्ट्री’, फुल्टन गावच्या एका निवृत्त गृहस्थाने एकहाती उभी केलेली. मांडणी ओबडधोबड आहे, पण पानं कोट्यवधी. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ देशभराचं आणि फुकट. पैसे भरून बघायच्या जागाही आहेत, पण या तीन पालथ्या घातल्याशिवाय तिकडे वळू नये असं माझं मत आहे.

जे अंक जालावर नाहीत ते बऱ्याचदा मायक्रोफिल्मवर असतात. आल्बनीच्या न्यूयॉर्क स्टेट लायब्ररीत त्यांचा मोठा साठा आहे. मुलगा-मुलगी अमेरिकेत असतील तर त्यांच्या गावच्या ग्रंथालयातून फिल्म मागवता येते का, ते विचारायला सांगा. काउंटीच्या इतिहास मंडळांत जुन्या कार्यकर्त्यांनी हाताने केलेल्या सूच्याही असतात. त्या जरूर वापरा, पण सूची म्हणजे नोंद नव्हे. सूचीत फक्त नाव आणि तारीख उचललेली असते. ‘अमक्या गावच्या तमक्याची मुलगी’ हे शब्द, म्हणजे आपल्याला हवं तेच, गाळलेलं असतं.

शोध कसा घ्यावा

यंत्राने पान वाचून तयार केलेल्या मजकुरावर हा शोध चालतो. छपाईचे झिजलेले खिळे, फिकट शाई, ओरखडे पडलेली फिल्म यांमुळे यंत्र चुकतं, आणि लग्न-मृत्यूचा मजकूर बहुधा सगळ्यात बारीक खिळ्यांत असायचा. १८१० च्या आधीच्या अंकांत लांब ‘एस’ असतो, तो यंत्राला ‘एफ’ वाटतो. म्हणून आडनाव सापडलं नाही तर आडनाव सोडा. गावाचं नाव आणि पाद्र्याचं नाव घालून बघा. ‘रेलिक्ट’ (विधवा), ‘कॉन्सॉर्ट’ (बायको) असे त्या रकान्यात हमखास येणारे शब्द गावाच्या नावाबरोबर घालून बघा. वर्षांची चौकट लहान ठेवा.

तरीही नाही मिळालं तर एकच उपाय उरतो आणि तो सगळ्यात खात्रीचा आहे. अंक उघडून डोळ्यांनी वाचायचे. ऐकायला अवघड वाटतं, पण साप्ताहिक चार पानांचं असे, मधोमध दुमडलेला एकच कागद. पहिल्या पानावर कथा, भाषणं, शेतीचे लेख. चौथ्यावर जाहिराती. लग्न आणि मृत्यू दुसऱ्या किंवा तिसऱ्या पानावर, ‘मॅरिड’ आणि ‘डाइड’ अशा मथळ्यांखाली, जवळजवळ नेहमी त्याच जागी. दोन-चार अंकांत डोळा बसतो. वर्षाचे बावन्न अंक एका संध्याकाळी होतात.

१८६१ नंतरच्या अंकांत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. यादवी युद्धात छापखान्यातली पोरं सैन्यात गेली, तेव्हा विस्कॉन्सिनमधल्या बॅराबूच्या एका संपादकाने एका बाजूने आधीच छापलेले कागद शहरातून मागवायला सुरुवात केली. पुढे देशभरच्या खेड्यांतल्या पत्रांनी हीच सोय उचलली. अशा अंकात अर्धी पानं बाहेरची आणि अर्धीच गावात जुळवलेली. गावची कोणती ते पहिल्या अंकात ओळखून घ्या, निम्मा वेळ वाचतो.

दोन ओळी वाचायच्या कशा

नमुना म्हणून मीच जुळवलेली एक नोंद घ्या, घाट मात्र तंतोतंत त्या काळचा : ‘या गावी, गेल्या गुरुवारी, कन्झम्प्शनने, मिसेस अमुक, कॉन्सॉर्ट ऑफ मिस्टर तमुक, वय ३४ वर्षे ५ महिने १२ दिवस.’ अंकाची तारीख बुधवार, ९ मार्च १८४२.

‘या गावी’ म्हणजे वृत्तपत्र निघतं ते गाव, पण नोंद दुसऱ्या पत्रातून उचललेली नसेल तरच. ‘कॉन्सॉर्ट’ म्हणजे नवरा हयात असताना गेलेली बायको, आपल्याकडच्या सवाष्णीसारखंच. ‘रेलिक्ट’ म्हणजे विधवा. या एका शब्दावरून नवऱ्याच्या मृत्यूची मर्यादा कळते. ‘रेलिक्ट’ असेल तर नवरा आधीच गेलेला, मग त्याची नोंद मागच्या अंकांत शोधायची. ‘कॉन्सॉर्ट’ असेल तर पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याच्या दुसऱ्या लग्नाची नोंद शोधायची, कारण लहान मुलं असलेला शेतकरी फार दिवस एकटा राहत नसे. पुढच्या खानेसुमारीत त्या घरात दिसणारी बाई मुलांची आई नसून सावत्र आई असू शकते. वंशावळींमधली सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. पहिली बायको पुसली जाते आणि तिची मुलं दुसरीच्या नावावर चढतात.

‘गेल्या गुरुवारी’ म्हणजे ३ मार्च. आता वय वजा करा. १८४२ मधून ३४ वर्षं गेली की मार्च १८०८. पाच महिने मागे गेलं की ३ ऑक्टोबर १८०७. आणखी १२ दिवस मागे म्हणजे २१ सप्टेंबर १८०७. जन्माची दुसरी कुठलीही नोंद नसलेल्या बाईची जन्मतारीख अशी हाती येते. एक-दोन दिवसांची चूक गृहीत धरा, कारण घरच्यांनी बोटांवर केलेला हिशेब तो. ‘वय ३५ व्या वर्षी’ असं असेल तर पुरी झालेली वर्षं ३४, हेही विसरू नका.

आजारांची नावं जपून घ्या. ‘कन्झम्प्शन’ म्हणजे क्षय. ‘ड्रॉप्सी’ म्हणजे अंगावर पाणी धरणं. हे लक्षण झालं, मूळ दुखणं हृदयाचं की मूत्रपिंडाचं, ते त्यावरून कळत नाही. ‘कँकर रॅश’ हा मुलांचा घसा धरणारा स्कार्लेट ताप. एकाच घरातली तीन मुलं दोन आठवड्यांत गेल्याची नोंद दिसली की त्या महिन्याचे सगळे अंक वाचा, साथ असते आणि शेजारची घरंही सापडतात.

लग्नाच्या नोंदीत माझं पहिलं लक्ष पाद्र्याच्या नावाकडे जातं. वधू-वर तर आपल्याला ठाऊकच असतात, नवीन माहिती तिसऱ्या माणसात असते. ‘रेव्हरंड’ अमुक कोणत्या चर्चचा ते काढा, म्हणजे त्या चर्चचं दप्तर शोधता येतं. ‘एल्डर’ असेल तर बहुधा बॅप्टिस्ट. नावापुढे नुसतं ‘एस्क्वायर’ असेल तर लग्न जस्टिस ऑफ द पीसने, म्हणजे स्थानिक दंडाधिकाऱ्याने, लावलं आणि चर्चमध्ये शोधून उपयोग नाही. ‘बोथ ऑफ धिस टाउन’ म्हणजे दोघं याच टाउनचे. ‘ऑफ द फॉर्मर प्लेस’ म्हणजे आधी उल्लेखलेल्या गावचा. हा उल्लेख नोंदीच्या सुरुवातीच्या ठिकाणाकडे बोट दाखवतो की मधल्या, ते नीट पाहा. आणि खाली संपादकाने केकबद्दल आभार मानले असतील तर ते वगळू नका. लग्नाच्या बातमीबरोबर छापखान्यात केकचा तुकडा पाठवायची चाल होती. तो आला म्हणजे बातमी घरच्यांनी स्वतः दिलेली, आणि नावांची अक्षरं बरोबर असण्याचा संभव जास्त.

‘ज्युनियर’ आणि ‘सीनियर’ म्हणजे बाप-लेक असं धरू नका. एका गावात एकाच नावाचे दोघे असले की थोरला-धाकटा सांगायला ते लावत, नातं असो वा नसो. शतकाच्या सुरुवातीच्या मजकुरात ‘सन-इन-लॉ’ हा कधी जावई असतो, कधी सावत्र मुलगा.

‘अल्ट.’चा फास

यावर थोडं थांबायला हवं, कारण मी स्वतः इथे अडकलो होतो आणि एका बाईच्या मृत्यूची तारीख वर्षभर महिन्याने चुकीची बाळगून होतो.

‘इन्स्ट.’ म्हणजे चालू महिना. ‘अल्ट.’ म्हणजे मागचा महिना. ९ मार्चच्या अंकात ‘२८ अल्ट.’ असेल तर २८ फेब्रुवारी. सरळ आहे. पण त्या काळी टपाल खातं वृत्तपत्रांना एकमेकांचे अंक फुकट धाडू देत असे, १७९२ च्या कायद्यापासून. संपादक कात्री घेऊनच बसायचे. तीच नोंद शंभर मैलांवरच्या पत्राने ६ एप्रिलच्या अंकात जशीच्या तशी उचलली, तर ‘२८ अल्ट.’ वाचणारा २८ मार्च समजणार. ‘गेल्या गुरुवारी’चंही तसंच. म्हणून नोंद सापडली की लगेच विचारायचं, ही इथली की उचललेली? मरणाचं गाव आणि पत्राचं गाव वेगळं असेल तर जवळच्या पत्रातली मूळ नोंद शोधल्याशिवाय तारीख पक्की धरू नये.

याच देवाणघेवाणीचा फायदाही आहे. नोंदीखाली ‘व्हरमाँट पेपर्स प्लीज कॉपी’ असं असतं तेव्हा घरच्यांनी सांगून ठेवलेलं असतं की आमची माणसं तिकडे आहेत, त्यांना कळवा. न्यूयॉर्क राज्यातून पश्चिमेला जाणारा एरी कालवा १८२५ मध्ये पुरा झाला आणि माणसं झपाट्याने ओहायो, मिशिगनकडे सरकली. ती एक ओळ तुम्हाला मूळ गावाकडे नेते.

लांबच्या मृत्यूंना वेळेची सूट द्या. गॉर्डन हॉल २० मार्च १८२६ रोजी नाशिक-त्र्यंबककडून परतताना वाटेत पटकीने गेला. शिडाच्या जहाजाने अशी बातमी अमेरिकेला पोचायला चार-पाच महिने लागत. मग ती मिशनच्या ‘मिशनरी हेरल्ड’ मासिकात आणि शहरी पत्रांत यायची, तिथून खेड्यांतल्या. म्हणून मिशनच्या कुटुंबांसाठी मी मृत्यूनंतरचं अख्खं वर्ष चाळतो. कॅलिफोर्नियाला सोन्यापायी गेलेल्यांसाठीही काही महिने पुढे जा.

शेजारचे रकाने

मृत्यूची नोंद नसेल तर जाहिरातींकडे वळा. प्रत्येक काउंटीत वारसा-मृत्युपत्राचं काम बघणारा ‘सरोगेट’ असे. मृताच्या सावकारांनी दावे घेऊन यावं अशी त्याच्या हुकमाची नोटीस आठवड्यामागून आठवडे, महिनोन्महिने छापली जायची. पहिल्या नोटिसेची तारीख धरून मागे या. त्याच सरोगेटच्या दप्तरात अर्ज असतो, त्यात वारसांची नावं आणि ती कुठे राहतात ते लिहिलेलं असतं, लग्न झालेल्या मुलींसकट.

‘माझी बायको माझं घर सोडून गेली, तिच्या उधारीला मी जबाबदार नाही’ अशा नवऱ्यांच्या जाहिराती असत. वाचताना अंगावर काटा येतो, कारण बाईची बाजू कुठेच नसते. क्वचित एखादीने उत्तर छापलेलं असतं. ते पुढच्या दोन-तीन अंकांत जरूर शोधा.

१८७० नंतर वस्तीवस्तीचे बातमीदार लिहू लागले, तेव्हापासून पाहुणे, आहेरांच्या याद्या, आजारपणं, आभाराच्या ओळी असं सगळंच मिळतं. तिथे काम सोपं होतं, माझ्या मार्गदर्शनाची गरज उरत नाही.

कोण नाही या रकान्यात

गरीब मजूर, कालव्यावरचे आयरिश कॅथलिक, मूळ रहिवासी आणि काळी कुटुंबं यांची लग्नं-मरणं गावच्या पत्रात फार कमी आली. न्यूयॉर्कमध्ये गुलामगिरी ४ जुलै १८२७ रोजी संपली, पण रकान्यातली जागा तेवढ्याने मिळाली नाही. काळ्या कुटुंबांसाठी ‘फ्रीडम्स जर्नल’ हे १८२७ साली न्यूयॉर्क शहरात निघालेलं पत्र आणि गुलामगिरीविरुद्ध लढणारे काळे पुढारी फ्रेडरिक डग्लस यांचं रॉचेस्टरचं ‘नॉर्थ स्टार’, १८४७ पासूनचं, ही वेगळी बघावी लागतात. कॅथलिकांसाठी चर्चची दप्तरं गाठावी.

ताळा करा आणि लिहून ठेवा

एकट्या नोंदीवर कधी थांबू नका. १८५०, ६०, ७० आणि ८० च्या खानेसुमारीबरोबर मागच्या बारा महिन्यांत, ३१ मेपर्यंत, वारलेल्यांची वेगळी यादी केलेली आहे. राज्याची स्वतःची खानेसुमारी त्याहून कामाची. १८५५ च्या यादीत जन्माची काउंटी आणि त्या टाउनमध्ये किती वर्षं राहिले ते आहे. १८६५ मध्ये बायकांना किती मुलं झाली आणि माणसाचं कितव्यांदा लग्न झालं तेही विचारलं आहे. ‘दुसऱ्यांदा’ असं उत्तर दिसलं, की पहिल्या बायकोसाठी परत साप्ताहिकाकडे. थडग्यावरची तारीखही ताडून बघा, पण दगड कित्येकदा बऱ्याच वर्षांनी बसवलेला असतो. दगड आणि त्याच आठवड्यातलं गावचं पत्र यांत फरक असेल तर मी पत्राकडे झुकतो.

प्रत्येक नोंदीखाली पत्राचं नाव, गाव, अंकाची तारीख, पान, रकाना लिहा, आणि मजकूर शब्दशः उतरवा, ‘अल्ट.’ला ‘अल्ट.’च ठेवून. तुम्ही काढलेली तारीख वेगळ्या ओळीत. नुसतं कात्रण साठवू नका. पूर्ण पानाचं चित्र ठेवा, म्हणजे वरचा मथळा आणि तारीख बरोबर राहते.

आणि वहीत त्या बाईसाठी नवऱ्याच्या नावाखाली ओळ घालू नका. तिच्या माहेरच्या नावाने वेगळं पान उघडा. वर लग्नाची नोंद, खाली मृत्यूची, मध्ये जागा मोकळी सोडा. मुलांच्या नोंदी सापडतील तशा तिथे भरत जातील.